कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. पुस्तक हातात येईपर्यंत पुढे काय काय होतं?

तुम्ही लिहिलंय की कादंबरी ‘संपली’, नव्वद हजार शब्द झाले, आता ती सरळ प्रकाशकाला पाठवू की आधी कुणाला दाखवू, आणि छापून यायला किती महिने लागतील. महिन्यांचं आधी सांगते. माझ्या दुसऱ्या कादंबरीची पहिली ओळ मी जानेवारी 2019 मध्ये लिहिली आणि पुस्तक हातात पडलं फेब्रुवारी 2024 मध्ये. या पाच वर्षांत खर्डा लिहिण्यात गेले फक्त 14 महिने. म्हणून तुमच्या ‘संपली’ला मी जरा हसले, राग मानू नका. मीही तेव्हा घरी पेढे आणले होते.

मी कराडला एका सहकारी बँकेत नोकरी करते. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, कादंबरी त्या काट्याभोवतीच फिरते. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. पहिला खर्डा हाताने लिहिला, बँकेत दरवर्षी उरणाऱ्या डायऱ्यांमध्ये. 94 हजार शब्द. मार्च 2020 मध्ये शेवटचं पान लिहिलं आणि पाठोपाठ टाळेबंदी लागली. डायऱ्या कपाटात चार महिने तशाच पडून राहिल्या. ते बरंच झालं. जुलैमध्ये टाइप करायला बसले तेव्हा पहिली 40 पानं दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाटली, आणि ते दुसरं कुणीतरी फार बोलत होतं. प्रत्येक पात्र आलं की त्याच्या आजोबांपासून सुरुवात. दुसऱ्या खर्ड्यात 78 हजार शब्द उरले, तिसऱ्यात 62 हजार.

कुणाला दाखवायचं? मी तिघांना दिली. बहिणीने दोन दिवसांत वाचून ‘मस्त गं’ म्हटलं, त्याचा उपयोग शून्य. एका मैत्रिणीने अजून वाचलेली नाही. तिसरे वडिलांबरोबर काट्यावर काम केलेले एक काका. साहित्याशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, ‘गाडीचं वजन एकदाच केलंस. रिकाम्या गाडीचं कुठाय?’ भरल्या गाडीचं वजन होतं, ऊस खाली झाला की रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी होते ती उसाची. काट्यावरच्या माणसाची लेक असून मी हे विसरले होते. पुढे कादंबरीतली सगळ्यात महत्त्वाची लबाडी त्या रिकाम्या गाडीच्या वजनातच घडली. तेव्हा वाचणारा साहित्यिकच हवा असं काही नाही. तुम्ही ज्या कामाबद्दल लिहिलंय ते काम केलेला एक माणूस शोधा.

2021 मध्ये एक प्रकरण स्वतंत्र करून एका दिवाळी अंकाला दिलं. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही वाट आहे आणि नव्या माणसासाठी ती अजून उघडी आहे. फक्त मजकूर उन्हाळ्यातच पाठवायला हवा, गणपतीत पाठवलात तर पुढच्या वर्षीसाठी.

फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यातल्या एका प्रकाशकांना दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवली. दीड महिन्याने त्यांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि मग सप्टेंबरमध्ये होकार येईपर्यंत शांतता. या शांततेत लोक कच खातात. मी पहिल्या पुस्तकाच्या वेळी खाल्ली होती. ‘लेखक सहभाग’ असं गोंडस नाव देऊन एका प्रकाशकाने माझ्याकडून 60 हजार घेतले आणि 200 प्रती घरी आणून टाकल्या. त्यातल्या 130 अजून पलंगाखाली आहेत. ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून वेगळे पैसेही घेतले. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, हे मला नंतर कळलं. स्वखर्चाने छापण्यात कमीपणा नाही, पण मग सरळ मुद्रकाकडे जा आणि सगळ्या प्रतींचे मालक व्हा. हे तुमचं पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते का याकडे लक्ष ठेवा.

कराराबद्दल थोडक्यात. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, नोंदणी केली नाही म्हणून तो जात नाही. प्रकाशकाला कुठले हक्क देताय ते एकेक करून वाचा: छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट. किती वर्षांसाठी ते करारात लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर 1957चा कॉपीराइट कायदा ती मुदत पाच वर्षं धरतो. मी छापील आणि ई-बुकचे दिले, बाकीचे ठेवले. बाकीचे कुणी मागायला आलेलं नाही, ते सोडा.

आता खरं ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते.

ऑगस्ट 2023 मध्ये पहिलं प्रूफ निघालं, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला काढलेली पानं. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, प्रकाशकांकडे अक्षरजुळणी जुन्या फॉन्टमध्ये होते, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. त्यात ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चा सगळीकडे रफार झाला. कादंबरी कोयनेच्या खोऱ्यातली, त्यामुळे पानोपानी दऱ्या. कन्व्हर्टरने सगळ्या दऱ्यांचा ‘दर्या’ करून टाकला. ‘गाव दोन दर्यांच्या मधे वसलेलं.’ आचाऱ्याचा आचार्य झाला आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचार्य कांदे चिरू लागले. मी म्हटलं, एका झटक्यात सगळीकडे बदलून टाका. प्रूफ तपासणाऱ्या मुद्रितशोधक बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमचा तो कुंभार्ली घाट चढून आलेला चिपळूणकडचा म्हातारा आहे ना, तो खरोखरच दर्याबद्दल बोलतो. त्याच्या दर्याची दरी करू का?’

या बाई निवृत्त शिक्षिका. पेन्सिलीने काम करतात, कॉम्प्युटरवर तपासायला नकार. मला वाटलं होतं, मुद्रितशोधन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाचे नियम 18, 1962चे चौदा आणि 1972चे चार, ते लावायचे आणि झालं. बाईंनी नियम लावलेच, पण पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. ‘तुमचा गणपा एकाच पानावर न्हाय, नाय आणि नाही असं तीन तऱ्हांनी बोलतो. तो कसा बोलतो ते तुम्ही एकदा ठरवा, मी तसं ठेवीन.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून वहीत प्रत्येक पात्राचा तक्ता केला. गणपा घरात ‘न्हाय’ म्हणतो, साहेबासमोर ‘नाही’. त्याची बायको कुणासमोरही ‘न्हाय’च. तक्ता करता करता मला कळलं की गणपाला साहेबाची भीती वाटते आणि बायकोला वाटत नाही. ते मी कादंबरीत कुठेही लिहिलं नव्हतं. आता ते फक्त या दोन शब्दांत आहे.

मग अक्षय्य तृतीयेचा फोन. कादंबरीत एक प्रसंग आहे: काट्याच्या खोलीमागे मध्यरात्री दोन भाऊ समोरासमोर येतात, टिपूर चांदण्यात एकमेकांचे चेहरे बघतात आणि न बोलता परततात. मी तो फार जीव लावून लिहिला होता. बाई म्हणाल्या, ‘तृतीयेला मध्यरात्री चांदणं कुठून आणलंत? चंद्रकोर दहाच्या आतच मावळते.’ मी म्हटलं, मग तिथी बदलू, पौर्णिमा करू. ‘नका करू. सकाळी आईने आंबा पुढे ठेवून पितरांच्या नावानं घागर भरली आहे, ते सगळं जाईल. चांदणंच काढा की.’

चांदणं काढलं. अंधारात चेहरे दिसेनात, म्हणजे बघून परत फिरणं गेलं. मग एक भाऊ खोकतो आणि दुसरा तो खोकला ओळखतो. तेवढाच प्रसंग उरला, दीड पानाचा अर्ध्या पानावर आला. आजवर वाचकांचे जे थोडे फोन आले, त्यातले निम्मे त्या खोकल्याबद्दल आहेत. ते श्रेय मी मुकाट्याने घेते.

अशी तीन प्रुफं झाली. तिसऱ्यानंतर पानं भरली 211. पुस्तक छापतात 16 पानांच्या फर्म्यात. 13 फर्मे म्हणजे 208 पानं. प्रकाशक म्हणाले, तीन पानं कमी करा, नाहीतर चौदावा फर्मा घ्यावा लागेल आणि मागे 13 कोरी पानं राहतील. एक पान सहज सुटलं, एका प्रकरणाच्या शेवटच्या चार ओळी नव्या पानावर गेल्या होत्या, त्या वर ओढल्या. उरलेल्या दोन पानांसाठी माझं मनोगत गेलं. कादंबरी का लिहिली, काट्याचं प्रतीक म्हणजे काय, वगैरे. ते गेल्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, दोन दिवस वाटलं.

मुखपृष्ठ लवकर झालं. मला ऊस हवा होता, चित्रकार म्हणाले, ऊस सगळेच काढतात, घरात काय आहे? वडिलांच्या ट्रंकेत जुन्या वजनपावत्या होत्या. त्यातली एक मोठी करून त्यांनी लावली, कारखान्याचं नाव पुसून. मलपृष्ठावरचा मजकूर मीच लिहिला. 120 शब्दांना नऊ दिवस लागले.

500 प्रती, किंमत 320 रुपये, रॉयल्टी 10 टक्के. समारंभ केला नाही. गावच्या वाचनालयात एका संध्याकाळी 30 माणसं जमली, चहा झाला, काकांनी वजनपावती कशी वाचायची ते सांगितलं. हॉल, शाली, नारळ आणि चार वक्ते यांचा खर्च रॉयल्टीतून कधीच निघत नाही, हे पहिल्या पुस्तकाने शिकवलं होतं. वर्षभरात 312 प्रती खपल्या, म्हणजे माझे झाले 9984 रुपये. यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांनी आणि ग्रंथप्रदर्शनांतून लोकांनी घेतल्या. समाजमाध्यमांवर मी रोज टाकत होते, त्यातून किती गेल्या याचा माझ्याकडे हिशोब नाही, पण फार नसाव्यात. नोकरी सोडायचा विचार असेल तर थांबा.

तुमचे 90 हजार शब्द आत्ताच पाठवू नका. दिवाळीपर्यंत कपाटात ठेवा, मग मोठ्याने वाचा, निदान संवाद तरी. पाठवाल तेव्हा एका वेळी एकाच प्रकाशकाकडे पाठवा आणि तीन महिन्यांनी एकदा फोन करायला लाजू नका. प्रूफ घरी येईल तेव्हा मुद्रितशोधकाचा नंबर मागून घ्या. प्रकाशक बहुधा सांगतील, त्याची गरज नाही. तरी मागा.

माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती संपत आल्या आहेत, दुसरी आवृत्ती निघेल असं प्रकाशक म्हणतात. परवा बाईंचा निरोप आला, दुरुस्त्यांची यादी तयार आहे म्हणून. पान 143वर एक ‘दर्या’ राहिलाय. म्हाताऱ्याचा नव्हे, आपला.