पगाराच्या स्लिपवरचे 200 रुपये

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. पहिल्या पगाराची स्लिप पाठवलीस, फार बरं वाटलं. सोबतचा प्रश्नही वाचला. मी घाम गाळून कमावलं, मग त्याला सरकारनं हात का लावावा? गरीब-श्रीमंतांतली दरी बुजवणं हे सरकारचं काम आहे का?

आहे, असं मी मानतो. कारण तुझ्या स्लिपवरच आहे. ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून 200 रुपये कापलेत ना? फेब्रुवारीत 300 कापतील. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराकडून जेवढं येईल तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरकडे याचा आधी प्रयोग केला. 1977 मध्ये कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. दगड उडू नये म्हणून त्याभोवती जुन्या टायरचं कडं धरायची. तरी एकदा कपची डोळ्याखाली लागलीच, तो व्रण शेवटपर्यंत गेला नाही. रात्री मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीची भाकरी. आईला घाम कमी येत होता का रे? घाम सारखाच, पण तिच्या घामाला भाव नव्हता.

तो भाव हमीनं आणला. एरवी शेतात बाईला गड्याच्या निम्मी मजुरी मिळायची. हमीच्या कामावर मोजून जेवढी माती निघेल तेवढे पैसे, बाई असो की गडी. एका उन्हाळ्यात बागायतदाराचा माणूस दारात आला, तेव्हा आई म्हणाली, “परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या, मी हमीवर जाते.” दुसऱ्या दिवशी तो आठ आणे वाढवून परत आला. मला त्या पैशांपेक्षा तिचं ते ‘ऱ्हाऊ द्या’ मोठं वाटतं. सरकारनं करायचं ते हेच, गरिबाला नाही म्हणण्याची ताकद द्यायची. नुसते पैसे वाटून ती येत नाही.

सगळं चांगलंच होतं असं सांगून तुला फसवणार नाही. आमच्याकडच्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, मेलेल्या माणसांचे अंगठे उठले. पगार दोन-दोन महिने लांबले, आई उधारीवर मीठ आणायची. त्याची चीड मला आजही येते. पण मुकादम चोर निघाला म्हणून हमीच नको, हे मला पटत नाही. मुकादम बदलावा.

आणखी एक बघ. राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा आहे, 1988 पासून तीच. तू वर्षाला 2500 देतोस, कोटभर पगार घेणारा तुझा वरचा साहेबही 2500 च देतो. तुझा राग सरकारनं हात लावला म्हणून आहे. माझा राग त्या साहेबापाशी येऊन तो हात थांबतो, यावर आहे.

दिवाळीला गावी जाशील तेव्हा पाझर तलावावर चक्कर मार आणि तो कुणी खोदला ते तुझ्या आजीला विचार. ती काय सांगते ते मला कळव.

तुझा,
काका