मलिदा लाटत नाहीत हो!

गुहागरहून प्रश्न आलाय: "आमच्याकडे कुठल्याही पुढाऱ्याचं किंवा साहेबाचं नाव निघालं की लोक म्हणतात, 'त्याने मलिदा लाटला.' लाच आणि मलिदा एकच का? की मलिदा जरा कमी वाईट?"

आधी ते 'लाटला' बंद करा बघू. बातम्यांवाल्यांनी लावलेली खोड आहे ही. लाटणे म्हणजे बळकावणे हे मलाही माहितेय, जमिनी लाटतात, पैसे लाटतात, पण पुढे खायचा पदार्थ आला की पोळपाट डोळ्यांसमोर येणारच, आणि मलिदा म्हणजे लाटून भाजून झालेली पोळी परत कुस्करायची, गूळ-तूप घालून चोळायची, मग खायची. म्हणून मलिदा खातात, फार तर ओरपतात.

लाचेचं पटकन उरकतो. जुनं लेखन 'लांच', डोक्यावरचं टिंब 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेलं. गुजरातीत लांच, कन्नडमध्ये लंच, तेलुगूत लंचम, पालीतसुद्धा लंच, आणि हिंदीवाले मात्र घूस नि रिश्वत घेऊन बसलेत. आणि कृपा करून 'लाच घेतो तो लाचार' असले व्हॉट्सॲपी विनोद व्युत्पत्ती म्हणून पाठवू नका. ला म्हणजे नाही, चारा म्हणजे उपाय, ज्याला उपाय उरला नाही तो लाचार. लाच घेणाऱ्याकडे तर उपायच उपाय असतात.

आता मलिदा. फारसीत मालीदन म्हणजे चोळणं, त्यावरून मलिदा म्हणजे चोळलेलं. आणि मालिश? तीही त्याच मालीदनची! म्हणजे साहेबाची मालिश करणारा आणि साहेबाला मलिदा चारणारा, दोघं एकाच घरातून निघालेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एसटीत एकटाच हसत होतो, बाजूच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. आमच्या वाचनालयातले एक निवृत्त मास्तर हा शब्द 'मर्दन'वरून आला म्हणून हटून बसलेत. मास्तरांना प्रत्येक शब्द संस्कृतच्या दाव्याला बांधायचा असतो, त्याशिवाय झोप लागत नाही. पार मागे कुठे भाऊबंदकी निघेलही, पण आपल्या ताटात हा घास फारसीने वाढलाय.

आणि कोकणात तर त्याचा मान मोठा. दर्ग्यावर उरुसाला मलिदा असतो. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, आपले शनवार तेली (तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून हे नाव), ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात, पण पोळीचा नाही, भिजवलेल्या पोह्यांचा, साखर-खोबरं घालून, सोबत फळं. म्हणजे शब्द फारसी, पोहे नि नारळ कोकणातले, आणि मान यहुदी संदेष्ट्याचा. अशा शब्दाचं आपण काय करून ठेवलंय बघा!

माझी थिअरी अशी की प्रसाद सगळ्यांना वाटायचा असतो, तिथूनच हा शब्द घसरला. नाक्यावर कान देऊन ऐका. "खाल्लान तर खाल्लान, पण एकट्याने खाल्लान," हा खरा राग. रस्ता झाला, मुलगा नोकरीला लागला, गणपतीला मंडळाची पावती फाडली, की तोच माणूस 'कामाचा' ठरतो. तलाठ्याने फेरफाराला घेतलेली ती चिरीमिरी, बिल्डरकडून आली तर मलिदा, आणि विरोधी पार्टीवाल्याने घेतली की भ्रष्टाचार. रक्कम वाढली म्हणून शब्द बदलतो असं नाही, घेणारा आपला की परका यावर बदलतो. मास्तरांना हेही मान्य नाही, ते म्हणतात फरक फक्त रकमेचा. मास्तरांचा पुतण्या ठेकेदार आहे.

हां, गुहागरकर, तुमचं राहिलंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याला (1988 चा) चिरीमिरी नि मलिदा हे शब्द कळत नाहीत, त्याच्या लेखी सगळी लाचच. त्यात 2018 च्या दुरुस्तीपासून देणाराही थेट गुन्हेगार, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवायचं. आपण मात्र 'खाल्ला' एवढंच बोलतो. 'मी भरवला' असं म्हणणारा माणूस भेटला तर कळवा, क्रियापदाची नोंद करून ठेवतो.