देव साक्षीदार असेल तर?

प्रश्न : ताई, आमच्या वाचन ग्रुपसाठी मला कारेल चापेक यांच्या 'शेवटचा न्याय' या झेक कथेचं परीक्षण लिहायचंय. नऊ खून केलेला कुगलर मरतो, वरच्या कोर्टात उभा राहतो, तिथे देव फक्त साक्ष देतो आणि निकाल माणसं देतात. मला हे पटतच नाही, मग कथा फसली असं लिहू का?

उत्तर : नका हो लिहू तसं! तुम्हाला जे खटकलं तोच कथेचा प्राण आहे. आपल्याकडे चित्रगुप्त हिशोब वाचतो आणि त्यावर यम निवाडा देतो, म्हणजे माहिती आहे म्हणून निकाल देता येतो, आणि इथे देव बरोबर उलटं म्हणतो की मला सगळं माहितीये म्हणूनच मी न्याय करू शकत नाही. खुनांच्या यादीशेजारी देवाला लहानग्या कुगलरची हरवलेली रंगीत काचेची गोटीपण आठवते, ती वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. न्यायाधीशांना मात्र खुनांपुरतंच ऐकायचंय, कारण पृथ्वीवरही ते हेच काम करायचे.

परीक्षणात गोष्ट दोन ओळींत सांगा आणि बाकी सगळी जागा त्या गोटीला आणि देवाच्या त्या उत्तराला द्या. नंतर तुमचं न पटणं लिहा, बिनधास्त लिहा, पण आधी देवाची बाजू नीट मांडून मग. आणि हो, कथा 1929 च्या संग्रहात आहे हे सुरुवातीलाच टाका.