फक्त स्वतःसाठी खासगी विकी ऑनलाइन ठेवायची आहे, कोणती घ्यावी?

डोकुविकी घ्या: पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) चालणाऱ्या साध्या होस्टिंगवर ती बसते आणि डेटाबेस लागत नाही, कारण प्रत्येक पान म्हणजे एक टेक्स्ट फाइल असते. इन्स्टॉल करताना एसीएल (कुणाला काय दिसेल ते ठरवणारे नियम) चालू ठेवा, ‘क्लोज्ड विकी’ (लॉगिनशिवाय वाचता न येणारी) हा पर्याय निवडा, नवी नोंदणी बंद करा आणि शेवटी इन्स्टॉलरची फाइल काढून टाका. एचटीटीपीएस (एन्क्रिप्टेड जोडणी) हवंच, नाहीतर पासवर्ड उघडा जातो.

गफलत होते ती पुढे. लॉगिनची अट विकीतून उघडणाऱ्या पानांनाच लागू होते. ‘डेटा’ (पानं) आणि ‘कॉन्फ’ (सेटिंग्ज) फोल्डरांतल्या फाइली सर्व्हर थेट देत असेल, तर कुणीही मजकूर वाचू शकतो. अपाचे या वेब सर्व्हरवर डोकुविकीसोबतच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइली (प्रवेशाचे नियम असलेल्या) हे रोखतात, पण एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर त्या वाचतच नाही, तिथे नियम स्वतः लिहावा लागतो. लॉगिन न करता ‘डेटा’मधल्या एखाद्या पानाच्या फाइलचा पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा, ४०३ (‘प्रवेश नाही’ असा संदेश) यायला हवं. बॅकअपसाठी याच दोन फोल्डरांची प्रत पुरते, जुन्या आवृत्त्याही त्यात येतात.

मात्र फाइली एन्क्रिप्ट केलेल्या नसतात, होस्टिंगवाला त्या वाचू शकतो. त्यामुळे पासवर्ड किंवा बँकेचे तपशील त्यात लिहू नका.