आईला घेऊन कार्ल्याला

प्रश्न : मास्तर, माझं माहेर अलिबागकडचं. लग्न होऊन साखळीला आले त्याला बारा वर्षं झाली. आमची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा. आई सध्या माझ्याकडे आहे, वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण ‘एकदा एकवीरेची ओटी भरून येऊ’ हा धोशा लावलाय. देवळाशेजारी बौद्ध लेणं आहे म्हणतात, पण लहानपणी दोनदा जाऊनही आत गेल्याचं मला आठवत नाही. हरवळ्याच्या गुहा तर घराजवळच. खरं सांगू? चार खोल्या नि लिंगं, पाच मिनिटांत बघून होतं. तेवढ्यासाठी आईला लेण्यात न्यावं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, लेण्यासाठी वेगळं चढायचंच नाही. एकवीरेचं देऊळ चैत्यगृहाच्या, म्हणजे लेण्यातल्या स्तूपाच्या प्रार्थना-दालनाच्या, तोंडाशीच आहे. देवीच्या रांगेतली माणसं लेण्याच्या अंगणातच उभी असतात, फक्त त्याच्याकडे पाठ करून. तुमचंही लहानपणी तेच झालं असणार.

पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, पण गाडी निम्म्या डोंगरापर्यंत जाते. पुढे दोन्ही अंगांना हार-नारळाची दुकानं आहेत, त्यामुळे भाव विचारायच्या निमित्तानं आईंना दम खाता येईल. चैत्री यात्रेचे दिवस आणि रविवार मात्र टाळा. मी एकदा शाळेची चाळीस पोरं घेऊन नेमका चैत्रात गेलो. सगळा वेळ रांगेत गेला आणि लेण्यात शिरलो तेव्हा पहारेकरी बाहेर निघा म्हणत होता.

तुमचं ‘चार खोल्या’ मात्र मला लागलं. माझे वडील डिचोलीकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर मुकादम होते. ताजा चिरा कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. पण त्याच्या अंगात भोकं. त्याची भिंत होते, खांब होतो, पण पापणी कोरायला गेलात तर हातात चुरा येतो. हरवळ्याच्या कारागिराला जांभा मिळाला, कार्ल्याच्याला लाव्हाचा एकजीव काळा पत्थर. हरवळ्याच्या गुहा मुळात बौद्धांच्या की पहिल्यापासून शैवांच्या, यावर अभ्यासकांत अजून दोन तट आहेत. पण बुद्ध गोव्यात आलाच नाही असं समजू नका. कोलवाळच्या मुशीर वाड्यावर इतिहाससंशोधक फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, ती आता मुंबईत त्यांच्याच नावाच्या संस्थेत आहे.

कार्ल्याला आत गेल्यावर आईंना भिंतीच्या कडेला बसवा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. आत जवळपास ३८ मीटरची लांबी आहे, शेवटी स्तूप, त्यावर लाकडी छत्री. खांब ३७. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती नि वर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात अगदी साधे. आता वर पाहा. छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या दिसतील, त्या मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. डोंगर पोखरून केलेल्या छताला लाकडाचा आधार कशाला हवा? नकोच होता. पण या कारागिरांचे आजे-पणजे लाकडी मंडप बांधत आले होते, आणि छप्पर म्हणजे फासळ्या हे हाताला माहीत होतं. आमच्याकडे स्लॅबच्या घरावर लोक मंगलोरी कौलं बसवतात, तसंच काहीसं.

मला कार्ल्यात सगळ्यांत आवडतो तो एक शेट. ओवरीतल्या ब्राह्मी लेखात लिहिलंय की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. वैजयंती म्हणजे बनवासी, आपल्या कारवारच्या पलीकडे, घाटावर. आपली कदंब बस ज्यांच्या नावानं धावते ते गोव्याचे कदंब आपलं मूळ त्याच बनवासीला सांगत, अर्थात शेटनंतर कित्येक शतकांनी. स्वतः पैसे घातलेल्या वास्तूला स्वतःच ‘जगात उत्तम’ म्हणायचं! आमच्या म्हापशाच्या बाजारातले शेट आठवतात. पण फासळ्या बघितल्यावर त्याला हसवत नाही. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी, म्हणजे त्या काळचा सरदार, अग्निमित्रणक याचं दान, खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची, नावं. वर्गणीदारांची यादी वाचावी तसं वाटतं. दुसऱ्या सिंहस्तंभाच्या जागी आज एकवीरेचं देऊळ आहे असं मानतात. तेव्हा आई जिथं डोकं टेकतील ती जागाही लेण्याचीच.

वेळ दुपारची निवडा. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, उन्हं कलली की पिंपळपानी कमानीतून उजेड स्तूपाकडे सरकतो. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस पहाटे पुण्याला सोडते. तिथून लोणावळ्याची लोकल घेऊन मळवलीला उतरा. पण तशाच डोंगरावर धावू नका, लोणावळ्यात खोली घेऊन आईंना झोपू द्या. भाजे लेणं मळवली स्टेशनाच्याच दुसऱ्या अंगाला, कार्ल्याहून जुनं. तिथंही चढ आहे. आईंना नको, तुम्ही नवऱ्याला घेऊन पुन्हा जा. आणि एकवीरेची ओटी इथूनच बांधून न्या, वर खण-नारळाचे भाव ऐकून आईंचे गुडघे आणखी दुखतील.

प्रश्न : लामगावच्या गुहेत जाताना चपला काढायच्या का? मित्र म्हणतो, ती बौद्ध होती, आता नुसतं स्मारक आहे.
— कॉलेजकुमार, डिचोली

उत्तर : आत लिंग आहे आणि त्यापुढे फुलं असतात, ती कुणीतरी वाहिलेलीच ना? काढ. पावसाळ्यात तसंही चिखलानं भरलेल्या चपला आत नेऊ नयेत, बुद्धाकडे काय नि शंकराकडे काय.