जर्मनीत मुलांचा कोच व्हायला निघालेल्या फॉरवर्डला

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल, सगळी सेंटर फॉरवर्ड म्हणून. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, त्यामुळे आता थांबायचं ठरवलंस. एएफसी सी लायसन्स, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं कोचिंग लायसन्स, हातात आहे आणि जर्मनीत येऊन मुलांना शिकवायचंय. शेवटी विचारलंस, "दादा, माझे गोल बघून कुठली अकादमी घेईल का?" मीही फॉरवर्डच होतो. नऊ वर्षांपूर्वी इथे आलो, आता कोलोनजवळच्या एका क्लबात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

गोल बघून कुणी घेणार नाही. हे वाचून खचू नकोस. तू इथे उभा राहू शकतोस, पण ज्या दाराने यायचं म्हणतोयस त्या दाराने नाही.

आधी व्हिसाचं गणित बघ. परदेशी लोकांच्या नोकरीच्या जर्मन नियमावलीत व्यावसायिक खेळाडू आणि कोच यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, कलम २२ मध्ये. तिच्यात पगाराची अट आहे. पेन्शन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारावर कापतात, त्याच्या निदान निम्मा पगार क्लबाने द्यायला हवा. २०२५ साली ही कमाल रक्कम महिना ८०५० युरो होती, म्हणजे त्या वर्षीच्या हिशेबाने महिना ४०२५ युरो मिळायला हवे होते. वर डीएफबीने, म्हणजे जर्मन फुटबॉल संघटनेने, कोच म्हणून तुझी पात्रता मान्य करायला हवी.

आता क्लबाच्या बाजूने विचार कर. देशात सुमारे २४ हजार क्लब आहेत. मुलांचे बहुतेक संघ कुणाचे तरी आईवडील नाहीतर जुने खेळाडू संध्याकाळी कामावरून सुटल्यावर सांभाळतात. याला इथे 'एरेनआम्ट' म्हणतात, म्हणजे मानसेवा. त्यांना हातखर्च मिळतो. अशा मोबदल्यावरची करमाफीची मर्यादा २०२१ साली वाढवली, तेव्हाही ती वर्षाला ३००० युरोच झाली. इकडे वर्षाचे तीन हजार, तिकडे महिन्याचे चार हजार. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट समजून घेतलंस तर तुझी दोन वर्षं वाचतील. माझी गेली.

पूर्णवेळ पगाराच्या जागा असतात त्या मोठ्या क्लबांच्या युवा केंद्रांत. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी एकच गुण मिळवून गटात तळाला राहिली, तेव्हा देश हादरला आणि पुढच्याच वर्षी बुंडेसलिगाच्या, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगच्या, क्लबांना अशी केंद्रं चालवणं सक्तीचं झालं. तिथल्या जागांसाठी रांग मोठी आहे, आणि रांगेत कोण उभं असतं बघ. मिरोस्लाव क्लोजे, वर्ल्ड कपमध्ये १६ गोल, जर्मनीसाठी १३७ सामन्यांत ७१. त्याने २०१८ साली बायर्न म्युनिक क्लबात कोच म्हणून सुरुवात केली ती १७ वर्षांखालच्या मुलांपासून. स्पेनचा फॉरवर्ड राऊल, त्यानेही रियाल माद्रिदमध्ये मुलांच्याच संघापासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये त्यांना युएफाची युथ लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या युवा संघांची स्पर्धा, जिंकून दिली. इटलीचा फिलिपो इन्झागी मिलानमध्ये आधी युवा संघांवर होता, २०१४ मध्ये मुख्य संघावर गेला आणि वर्षभरात त्याला जावं लागलं. एवढ्या मोठ्या फॉरवर्डांनाही खालून यावं लागतं. क्लोजेचं मला जास्त जवळचं वाटतं, कारण तो स्वतः पोलंडमधून लहानपणी इथे आलेला, भाषा येत नव्हती, सुतारकाम शिकलेला, आणि विशी गाठेपर्यंत हौशी क्लबांतच खेळत होता.

तर मग यायचं कसं? पोट दुसऱ्या कामावर भरेल आणि कोचिंग संध्याकाळी वाढेल, अशा वाटेने. मी 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट'मधून आलो. ही सरकारी स्वयंसेवा आहे आणि क्रीडा क्लबातही करता येते. तरुणांसाठी असलेल्या दुसऱ्या योजनेला २७ वर्षांची अट आहे, या योजनेला नाही. मिळतो तो खिशापुरता पैसा, पण विमा असतो, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीचं कोचिंग लायसन्स त्यातच करून घेतात. नंतर मी 'एर्झीयर'चा कोर्स केला, म्हणजे लहान मुलांना सांभाळण्या-घडवण्याचं रीतसर व्यवसाय प्रशिक्षण. आज दुपारी प्राथमिक शाळेत नोकरी करतो आणि पाचला मैदानावर असतो. हे तुझ्या कानावर मुद्दाम घालतोय, कारण १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या शाळेचा कायदेशीर हक्क मिळतो आहे, आणि दुपारी मुलांना खेळवू शकणारी माणसं शाळांना हवीच आहेत. मुलांसमोर उभं राहायची सवय असलेला खेळाडू तिथे सोन्यासारखा.

शिक्षणाची वाट घेतलीस तर बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात, पैसे दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४. पदवी आहे असं तू लिहिलं आहेस, म्हणून २०२४ मध्ये सुरू झालेलं 'चान्सेनकार्ट'ही बघून ठेव. शिक्षण, अनुभव, भाषा यांचे गुण पुरेसे भरले तर नोकरी शोधायला येता येतं आणि तोवर आठवड्याला वीस तास काम करता येतं.

लायसन्सचं सांगतो. एएफसीचं लायसन्स इथे आपोआप चालत नाही, मान्यतेसाठी अर्ज करावा लागतो. खालच्या पायऱ्यांचे कोर्स प्रादेशिक संघटना घेतात, अशा २१ आहेत, आणि ते जर्मन भाषेतच होतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत भाषा कर. वर्गातली जर्मन पुरत नाही हेही ध्यानात ठेव. मैदानावर पाठीमागून डिफेंडर आला की 'हिंटरमान!' ओरडतात, मोकळा असलास की 'ड्रे आउफ!', म्हणजे वळ. एका टचमध्ये परत दे म्हणायला 'क्लात्श!'. हे तीन शब्द मी पुस्तकात शिकलो नाही, आठ वर्षांच्या पोरांकडून शिकलो.

आता मला तुला सांगायची खरी गोष्ट. पहिल्या हंगामात माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा होता, पायात जादू, पण पास आला की कायम गोलकडे पाठ. मी दर वेळी ओरडायचो, "वळ!" एक दिवस तो थांबला, बॉलवर पाय ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मागे कोणी नाही हे तुम्हाला कसं कळतं?" मला उत्तर देता आलं नाही. हजारो वेळा वळलो असेन, पण कसं ते माहीत नव्हतं. घरी जाऊन भिंतीवर बॉल मारत बसलो आणि स्वतःकडे बघितलं. पास देणाऱ्याच्या पायाशी बॉल असतानाच माझी मान एकदा खांद्यावरून मागे जायची, आणि बॉल वाटेत असताना पुन्हा एकदा. दोन नजरा. दुसऱ्या नजरेत डिफेंडर कुठल्या खांद्याला चिकटलाय ते कळायचं, आणि पहिला टच आपोआप दुसऱ्या बाजूला पडायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या मागे एका मुलीला लाल आणि निळं अशी दोन बिबं, म्हणजे सरावात घालायची रंगीत बंड्या, घेऊन उभं केलं. पास निघाला की ती एक वर करणार, आणि बॉलला पाय लागायच्या आत त्याने रंग सांगायचा. लाल म्हणजे परत दे, निळा म्हणजे वळ. पहिले दहा बॉल पायाखालून गेले. तिसऱ्या आठवड्यात तो न सांगता मान वळवायला लागला. तुझ्या अकरा वर्षांत असं किती साठलेलं असेल याचा विचार कर. जवळच्या पोस्टकडे धावायच्या आधीचं ते खोटं पाऊल, गोलकीपरचं वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखणं, डिफेंडर बॉलकडे बघतो त्या क्षणी त्याच्या पाठीमागे सरकणं. हे सगळं शरीराला येतं, तोंडाला येत नाही. तोंडाला येईपर्यंत तू माजी खेळाडू आहेस, कोच नाहीस. यायच्या आधीच्या वर्षात रोज एक गोष्ट वहीत लिही: मी हे केव्हा करतो, काय बघून करतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते एका वाक्यात कसं सांगेन.

इथे आल्यावर आणखी एक धक्का बसेल. २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांच्या सामन्यांची नवी पद्धत देशभर बंधनकारक झाली. अगदी लहानांचा खेळ तीनास तीन, मैदानावर चार छोटे गोल, गोलकीपर नाही, गुणतक्ता नाही. मैदानं ओळीने आखलेली असतात, जिंकलेला संघ एक मैदान वर जातो, हरलेला एक खाली, त्यामुळे दोन फेऱ्यांत सगळे आपल्या तोडीच्या मुलांशी खेळायला लागतात. सेंटर फॉरवर्ड नावाची जागाच नाही. मी सुरुवातीला याच्या विरोधात होतो, बैठकीत बोललोही. आज माझं मत पूर्ण बदललंय. समोर दोन गोल असले की मुलाला मान वर करावीच लागते: कुठला मोकळा आहे? माझ्या त्या दोन नजरा इथे खेळातूनच येतात. आणि जो जाडा, बुजरा मुलगा सात-सातच्या सामन्यात बाजूला उभा राहायचा, त्यालाही आता दर मिनिटाला बॉल मिळतो.

निवड करताना जन्मतारीख बघायची सवय लाव. इथे वयोगट १ जानेवारीला कापतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, पळतो जोरात, गोल जास्त मारतो, आणि सगळे त्यालाच फॉरवर्ड म्हणून उचलतात. आपणही त्यातच फसतो, कारण आपल्याला गोल दिसतात.

कागदपत्रं: पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट निघायच्या आधी काढ. मुलांबरोबर काम करणाऱ्याला इथला सविस्तर चारित्र्य दाखला द्यावा लागतो, पण नव्याने आलेल्या माणसाचा इथला इतिहासच नसतो. लायसन्सची प्रमाणित भाषांतरं आण, गुडघ्याचे एमआरआयही. एजंटला एक रुपया देऊ नकोस. ट्रायल लावून देतो म्हणून एकाने माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले, आणि मी पोचलो तेव्हा त्या क्लबात कुणाला माझं नावही माहीत नव्हतं. नंतरच्या एका क्लबाने खोलीचं तोंडी कबूल केलं होतं. मी तीन आठवडे संघातल्या एका मुलाच्या सोफ्यावर काढले. जे ठरेल ते ईमेलवर लिहून घे, दोन ओळी का असेना.

गुडघा परवानगी देत असेल तर मोठ्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळायची तयारी ठेव. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं, ते क्लब मागवतो. रविवारी गोल मारणारा माणूस मंगळवारी मुलांच्या सरावाला आला की क्लबाचं दार लवकर उघडतं. तुझे गोल इथे कामाला येतील ते एवढ्यासाठी. डॉक्टरने नको म्हटलं तर मात्र खेळू नकोस. मुलांसमोर बसून उठून, वाकून, पळून दाखवायला तो गुडघा पुढची वीस वर्षं लागणार आहे.

आणि तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. चार मिनिटं, सगळे गोल, दोन तर फारच सुंदर. तो क्लबांना पाठवू नकोस. सध्या जिथे मुलांना शिकवतोस तिथला एक पूर्ण सराव, पालकांची परवानगी घेऊन, एकाच जागेवरून शूट कर, काटछाट न करता, तुझा आवाज ऐकू येईल असा. आधी मला पाठव. कुठे ओरडतोस आणि कुठे गुडघ्यावर बसून बोलतोस ते मी बघतो, मग जर्मनमध्ये अर्ज कसा लिहायचा ते बसून ठरवू.