डेट्रॉइटच्या मोटार-घराण्यांचे वाडे आज कोणाकडे आहेत?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत मोटारधंद्याच्या आरंभकाळात श्रीमंत झालेल्या घराण्यांचे वाडे अजून त्यांच्याच ताब्यात आहेत का, आणि डेट्रॉइटला आल्यास त्यांतला कोणता पाहावा. मी याच शहराच्या उपनगरात राहते. मला ठाऊक असलेले मोठे वाडे तरी घराण्यांकडे उरलेले नाहीत. ज्यांचे पुढे काय करायचे हे वेळेत ठरले, ते वाचले.

डॉज घराण्यातल्या दोन जावांचेच पाहा. जॉन आणि होरेस हे भाऊ आधी फोर्डला सुटे भाग पुरवत, 1914 मध्ये त्यांनी स्वतःची मोटार बाजारात आणली आणि 1920 या एकाच वर्षात दोघेही वारले. पुढे 1925 मध्ये कंपनी 14.6 कोटी डॉलरना विकली गेली. जॉनची पत्नी मटिल्डा हिने पुनर्विवाहानंतर रॉचेस्टर येथे मेडो ब्रुक हॉल हा ट्यूडर म्हणजे जुन्या इंग्रजी धाटणीचा, 110 खोल्यांचा वाडा 1929 मध्ये पुरा केला आणि 1957 मध्ये सुमारे 1,400 एकरांची ती मालमत्ता, वर 20 लाख डॉलर, विद्यापीठ काढण्यासाठी देऊन टाकली. तेच आजचे ओकलंड विद्यापीठ. होरेसची पत्नी अ‍ॅना हिने ग्रॉस पॉइंटला सरोवराकाठी रोझ टेरेस हा फ्रेंच वळणाचा महाल उभा केला होता. ती 1970 मध्ये वारली, 1976 मध्ये महाल पाडण्यात आला आणि त्या जागेचे प्लॉट पडले.

हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या फेअर लेन या घरात मला वास्तूपेक्षा वीजघराचे अधिक कुतूहल वाटते. रूज नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या या वीजघराची कोनशिला 1914 मध्ये खुद्द थॉमस एडिसनने बसवली होती. मात्र एप्रिल 1947 मध्ये नदीला पूर आला, वीज गेली, आणि त्याच रात्री फोर्डचा मृत्यू मेणबत्त्यांच्या उजेडात झाला. त्याचा मुलगा एड्सेल याचे घर कारखान्यांचा वास्तुविशारद म्हणून गाजलेल्या अल्बर्ट कानने आखले, पण ते दिसते इंग्लंडच्या खेड्यातल्या दगडी घरांसारखे.

आपल्याला एकच वाडा पाहायला सवड असेल, तर मी कॅडिलॅक या मोटार कंपनीचा एकेकाळचा प्रमुख लॉरेन्स फिशर याचा, 1928 च्या सुमाराचा, कालव्याकाठचा वाडा सुचवीन. सोनेरी वर्ख लावलेली छते, कोरीव लाकूड, रंगीत फरशा असा सगळा थाट तिथे आहे. आणि आत राधाकृष्णाची पूजा चालते. हा वाडा 1975 मध्ये हेन्री फोर्डचा पणतू आल्फ्रेड फोर्ड, म्हणजेच दीक्षेनंतरचे अंबरीष दास, आणि कामगार पुढारी वॉल्टर रॉयथर यांची मुलगी एलिझाबेथ या दोघांनी मिळून विकत घेतला व इस्कॉनला दिला. याच रॉयथरांना फोर्डच्या माणसांनी 26 मे 1937 रोजी रूज कारखान्याबाहेरच्या पुलावर बेदम मारले होते.